हवा पाहणारा लखीराम

केळापूरच्या वाटेला लागलं की डाव्या अंगाला हिरासिंग नायकाचा तांडा होता. तिथं लखीराम राहायचा. धंदा विचाराल तर शेती, पण ती नावाला. बरड जमीन, ज्वारीपेक्षा दगडच जास्त पिकायचे. पंचक्रोशी त्याला ओळखायची ती वेगळ्याच कामासाठी. लखीराम हवा पाहायचा.

हवा कशी पाहतात, असं लगेच विचारू नका. सांगतो. त्या काळी आपल्याकडं ज्वारी पेवात ठेवायचे. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खोल खड्डा, तोंडाला अरुंद, पोटात फुगलेला. कडेनं कडबा लावायचा, आत ज्वारी ओतायची आणि वरून दगड-मातीनं तोंड लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं दाणा टिकायचा. पण पेव उघडलं की आत कोंडलेली हवा माणूस गिळायची. ओरडायलाही सवड द्यायची नाही. एक उतरला की तिथंच आडवा. त्याला काढायला दुसरा उतरला की तोही आडवा. या मुलखात एकेका पेवानं बाप-लेक एकदम नेले आहेत, खोटं वाटत असेल तर जुन्या माणसांना विचारा.

लखीरामचा थोरला भाऊ भीमसिंग असाच गेला. तेव्हा लखीरामला मिसरूड फुटत होती. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशोदेशी फिरायचे. रेल्वे आली, लदेणी बसली, आणि गोरमाटी, म्हणजे बंजारा माणूस तांडा टाकून एका जागी राहिला. तरी धान्याशी नातं तुटलं नाही. पेवातली ज्वारी काढायचं काम या दोघा भावांकडं यायचं. त्या दिवशी भीमसिंग हसत उतरला. खालून म्हणाला, "टोपली सोड." लखीरामनं टोपली सोडली. मग दोरी हलली नाही. वरून हाका मारून त्याचा घसा बसला. दोन गड्यांनी कमरेला मिठी मारून धरलं म्हणून तो मागं राहिला, नाहीतर त्या दिवशी आईनं दोन्ही लेक घालवले असते.

तेव्हापासून लखीराम दिवा घेतल्याशिवाय पेवाजवळ फिरकला नाही. दोरीला दिवा बांधायचा, हळूहळू खाली सोडायचा. दिवा विझला की हवा खराब, माणसानं उतरायचं नाही. दिवा तळाला जाऊन सरळ जळत राहिला की हवा चांगली. ही रीत त्यानं शोधली नव्हती, बापजाद्यांचीच होती. पण इतर लोक घाईला आले की ती सोडायचे आणि लखीराम कधी सोडायचा नाही. दुधानं तोंड भाजलेला माणूस तो, ताकसुद्धा फुंकून प्यायचा. मालक वर उभा राहून शिव्या घालो, पाऊस येवो, मजूर खोळंबोत, दिवा तळाला टेकून ज्योत स्थिर होईपर्यंत तो कोणाला पाय घालू द्यायचा नाही. त्यानं हवा पाहिलेल्या पेवात कोणी मेलं नाही. म्हणून थेट राळेगावकडचे लोकही त्याच्यासाठी बैलबंडी पाठवायचे.

"दिवा खोटं बोलत नाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं.

महाराष्ट्र झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षी तांड्यात शाळा आली. शाळा आली म्हणजे काय, मास्तर आला. इमारत-बिमारत कुठली! बाबाराव गुरुजी नावाचा पोरगेलासा मास्तर एक ट्रंक आणि एक खुर्ची घेऊन एस.टी.तून उतरला. राळेगाव तालुक्यातला. छप्पन साली त्याच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, हे तांड्याला तो येण्याआधीच कळलं होतं. असल्या बातम्यांना कुठं तिकीट लागतं! नायकानं त्याला ओसरीवर बसवलं, चहा पाजला, पण कप वेगळा होता. गुरुजीनं ते पाहिलं आणि चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवला.

शाळेला जागा म्हणून नायकानं आपलं जुनं कोठार दिलं. धान्याचं कोठार ते, त्याला खिडक्या कशाला असतील? हातभर रुंद मातीच्या भिंती, एक जाड दार, आणि पार वर छपराखाली एक झरोका. त्या झरोक्यातून उंदीर येतात म्हणून तोही कधीचा मातीनं लिंपलेला. दार लावलं की भरदिवसा अंधार. पोरं पहिल्या दिवशी आत गेली ती घाबरून एकमेकांना चिकटून बसली.

त्या पोरांत एक लखीरामची नात होती, मैनी. तिचा बाप पूनमसिंग हा लखीरामचा एकुलता एक मुलगा. तो आणि त्याची बायको हिवाळाभर जंगलात कोळशाच्या भट्ट्यांवर असायचे. पोरीला जंगलात कुठं फिरवता, म्हणून ती आजी-आजोबांजवळ. आजीचं नाव रुपीबाई. घरात सगळे गोरबोली बोलायचे, पण आपण मराठीतच सांगू. मैनी मोठी वटवट करणारी पोरगी होती. आजोबा घरी आला की त्याच्या पुढ्यात बसून त्याला अ, आ, इ शिकवायची, आणि चुकला की पाठीत धपाटा घालायची. अख्ख्या तालुक्याला "थांबा" म्हणून दरडावणारा माणूस त्या पोरीसमोर कान धरून बसायचा. तांड्यातल्या मुलींमध्ये शाळेत जाणारी ती पहिली होती. लखीरामला त्याचा इतका अभिमान होता की चारचौघांत चिलीम पेटवताना मुद्दाम विषय काढायचा.

पौष लागला आणि थंडी पडली. त्या साली थंडी कसली, कहर होता. सकाळी पळसाच्या पानांवर पांढरं दिसायचं. पोरांच्या अंगावर काय असणार, एक फाटका सदरा नाहीतर आईच्या लुगड्याचा तुकडा. बोटं आखडायची, पाटीवर पेन्सिल धरवायची नाही. एकेक करून पोरं यायची बंद झाली. गुरुजी घाबरला. साहेब तपासणीला येणार होते, आणि पोरं नसतील तर शाळा उठली म्हणून समजा. त्यानं कोठाराच्या मधोमध पऱ्हाट्यांचा जाळ केला. कपाशीच्या वाळक्या काड्यांना धूर किती! पोरं परत आली, पण डोळे चोळत, खोकत, नाकातून काळं गाळत बसायची. गुरुजी स्वतः पाढा अर्धा सोडून बाहेर पळायचा.

तो नायकाकडं गेला. "नायक, हवा खराब होते आतमधी. भिंतीले दोन खिडक्या पाडू द्या."

नायक हिरासिंगानं मिशीवर हात फिरवला. "गुरुजी, कोठार माहं हाय. उद्या शाळेची इमारत झाली, तुमी निंगून जासान. मंग भोकं पडलेल्या कोठारात मी ज्वारी ठेवू का उंदरं?"

"पण लेकरं खोकून राह्यले."

"धुरानं खोकते. धूर बंद करा."

बोलणं काही अगदी चुकीचं नव्हतं, हीच तर गंमत. धूर बंद करायचा कसा, याचा विचार सगळ्यांनी केला आणि उत्तर लखीरामच्याच घरातून निघालं. पूनमसिंगाच्या भट्टीचा कोळसा! चांगला धावड्याचा कोळसा, निखारा धरला की लाल होऊन निवांत बसतो, धूर म्हणून नाही. पूनमसिंगानं दोन पोती पाठवून दिली. पोरगी शिकते आहे, बापानं एवढंही करू नये? लोखंडी शेगडी आली, मधोमध मांडली, आणि पहिल्याच दिवशी वर्ग असा ऊबदार झाला की पोरं घरी जायला तयार होईनात. धूर नाही, खोकला नाही, डोळे चुरचुरणं नाही. गुरुजी खूश, नायक खूश. आगीतून निघून सगळे फुफाट्यात पडले होते, पण तेव्हा ते कोणाला कळणार?

दार अर्थातच लावलेलं असायचं. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खालच्या फटीला तरटाचा बोळा.

काही दिवसांनी पोरं पेंगायला लागली. दुपारपर्यंत डोकं धरून बसायची. एखादं ओकायचं. सुटी झाली, अंगणात पळाली की पुन्हा टवटवीत. गुरुजीचंही डोकं दुखायचं. त्याला वाटे, दोन वेळचं नीट जेवण नाही म्हणून असेल. रविवारी मात्र दुखायचं नाही. आया म्हणाल्या, पोरं आळशी झाली, उबेत बसून झोपा काढतात. रुपीबाई तर मैनीचे गाल पाहून हरखली. गाल कसे लालबुंद झाले होते. "शेगडीनं पोट्टीच्या अंगी लागलं," ती शेजारणीला सांगायची, आणि दृष्ट काढायची.

गुरुजीला मात्र चैन पडेना. एके दिवशी तो लखीरामच्या अंगणात येऊन उभा राहिला. लखीरामनं खाट पुढं ओढली.

"लखीरामभाऊ, तुमी हवा पाहता म्हणते सारे. एकडाव वर्गाची हवा पाहा. मले काहीतरी चुकल्यासारखं वाटून राह्यलं."

"धूर हाय काय?"

"धूर नाई. वासबी नाई. पण पोट्टे पेंगतेत. मले वाटते, हवाच खराब हाय. तुमी म्हणाल तं नायक भिंत फोडू देईल. माहं कोणी आयकत नाई."

लखीरामला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मास्तर त्याच्या दारी हवा विचारायला आला होता. तो लगेच उठला. पण काम त्यानं मन लावूनच केलं, हेही सांगायला हवं. दार लावलेलं, शेगडी पेटलेली, पोरं बसलेली, अशाच वेळी तो दिवा घेऊन आत गेला. सगळा तांडा दाराशी जमला. त्यानं दिवा जमिनीला टेकवला, कारण खराब हवा तळाला बसते. चारही कोपऱ्यांत फिरवला. काठीला बांधून छपरापर्यंत नेला. शेगडीच्या काठाशी धरला. ज्योत हलली नाही की मिणमिणली नाही. देवापुढच्या समईसारखी सरळ उभी.

नायकानं विचारलं, "काय म्हणतं लखीराम?"

"हवा सोळा आणे चांगली हाय," लखीराम म्हणाला. "दिवा खोटं बोलत नाई."

झालं! गुरुजीचा विषय तिथंच मिटला. चार बायका त्याच्याकडं पाहून हसल्या. भिंत फोडायचं नाव पुन्हा निघालं नाही. तरी गुरुजीच्या तोंडावरची काळजी पाहून लखीरामनं स्वतःहून एक सोय करून दिली. शेगडीच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात त्यानं दिवा ठेवला. शाळा भरली की दिवा लावायचा. ज्योत बारीक झाली, थरथरली की तसंच उठायचं आणि सगळ्या पोरांनी बाहेर पळायचं. आणि दिव्यावर नजर ठेवायला कोण? मैनी! आजोबाची नात, तिच्याइतकं दिव्याचं कोणाला कळणार? तिची जागा कोनाड्याखाली, शेगडीच्या अगदी जवळ ठरली. दुसरी पोरं मागं गारठ्यात आणि ही पुढं उबेत, म्हणून तिचा तोरा पाहून घ्यावा.

घरी आली की आजोबाला रोज वर्दी द्यायची. "दादा, आज दिवा सरळ होता."

"मंग हवा चांगली होती," लखीराम म्हणायचा. "डोस्कं दुखते का तुहं?"

"थोडसं. पण दिवा सरळ होता."

दिवा सरळ होता म्हटल्यावर डोकं दुखण्याला कोण किंमत देणार? रुपीबाईनं कपाळाला सुंठ उगाळून लावली, बस.

मग एक दिवस उत्तरेकडून वारा सुटला. गुरं गोठ्यातून निघेनात, इतका बोचरा. गुरुजीनं शेगडी काठोकाठ भरली. दाराच्या फटीला एकाऐवजी दोन बोळे लागले. लखीराम उन्हं वर आल्यावर कोळशाचं टोपलं डोक्यावर घेऊन शाळेकडं निघाला. शाळेजवळ आला आणि त्याला काहीतरी खटकलं. पाढे ऐकू येत नव्हते. एरवी त्या पोरांचा कालवा नायकाच्या वाड्यापर्यंत जायचा, बे एके बे करत. आज वाऱ्याशिवाय आवाज नव्हता.

त्यानं टोपलं खाली ठेवलं आणि दाराच्या फळ्यांमधल्या फटीला डोळा लावला. आत अंधारात फक्त कोनाडा दिसत होता. कोनाड्यात दिवा जळत होता. सरळ, स्वच्छ.

लखीरामचा जीव भांड्यात पडला. हवा चांगली आहे. गुरुजीनं पोरांना डोळे मिटून बसवलं असेल, गुरुजी कधीकधी तसं करायचा. मध्येच दार उघडून कशाला व्यत्यय आणा? तो उन्हाला ओट्यावर बसला. कमरेची चिलीम काढली, तंबाखू चुरली, चकमक झाडली, आणि निवांत ओढत बसला. अरे बाप्पा! त्या चिलमीचा विचार आजही नको वाटतो. पोरं त्याच्या पाठीमागं, एका भिंतीपलीकडं होती, आणि तो माणूस पोरांची शांतता मोडू नये म्हणून खोकलासुद्धा दाबून धरत होता.

चिलीम संपत आली तेव्हा आतून दारावर धप्प आवाज झाला. कोणीतरी दाराला येऊन आदळलं होतं.

लखीरामनं दार ढकललं. हलेना. आत जड काहीतरी पडलेलं. त्यानं खांदा लावला, रेटलं. दार उघडलं तसा गुरुजी त्याच्या पायाशी लवंडला. तोंड उघडं, डोळे वर. त्याच्यामागं पोरं. कोणी पाटीवर डोकं ठेवलेलं, कोणी एकमेकांच्या अंगावर. सगळी झोपल्यासारखी आणि सगळ्यांचे गाल लाल. आणि कोनाड्यात दिवा जळतच होता.

त्यानं आयुष्यात जे केलं नव्हतं ते त्या क्षणी केलं. दिव्याकडं पाहूनही विश्वास ठेवला नाही. श्वास रोखला आणि आत शिरला. भीमसिंगाच्या वेळी त्याला धरून ठेवणारे होते, आज कोणी नव्हतं. हाताला लागेल ते पोरगं उचलायचं आणि अंगणात वाऱ्यात टाकायचं. त्याच्या ओरडण्यानं बाया धावल्या, नायकाचे गडी धावले. दाराजवळची पोरं आधी निघाली. वारा तोंडावर लागला तसं एकेक पोरगं हललं, ओकलं, रडायला लागलं. अंगणात त्या रडण्याचा असा गोंधळ झाला की आया हसत होत्या आणि ऊर बडवत होत्या. गुरुजीही उठून बसला, डोकं धरून.

मैनी सगळ्यात शेवटी निघाली. ती शेगडीच्या पलीकडं, कोनाड्याखाली होती. भिंतीला टेकून बसली होती आणि तोंड वर दिव्याकडं होतं. लखीरामनं तिला अंगणात आणलं, वाऱ्याकडं तोंड केलं, पाठ चोळली, गालांवर चापट्या मारल्या. गाल लालच होते. त्यामुळे तिला काही झालं असेल हे रुपीबाईला पटेचना. ती आपली म्हणत राहिली, "पाहा ना, रंग कसा हाय, पाहा ना." सूर्य माथ्यावर येईपर्यंत ती तेच म्हणत होती.

पूनमसिंग बायकोला घेऊन दुसऱ्या दिवशी जंगलातून आला. मातीच्या वेळी त्यानंच पाठवलेल्या कोळशाची कोणी आठवण काढली नाही, पण त्याला कळायचं ते कळलं. उरलेलं पोतं त्यानं नाल्यात ओतलं आणि परत भट्टीवर कधी गेला नाही.

तेराव्यानंतर नायकाच्या ओसरीवर सगळे बसले. गुरुजीही होता, एका कडेला, उभा. तो पांढरकवड्याला बंडीनं जाऊन दवाखान्यात विचारून आला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं की कोळसा कोंडलेल्या जागेत जळला की त्याची विषारी वाफ होते. तिला रंग नाही, वास नाही, आणि दिवा तिच्यात विझत नाही. गुरुजीनं हे सगळं हात जोडून सांगितलं. कोणी ऐकून घेतलं नाही.

"वा रे वा!" नायक म्हणाला. "दिवा जळते अन् माणूस मरते? असं कधी झालं काय? हवा चांगली होती, साऱ्या तांड्यानं पाह्यलं. पोट्टीले बाहेरचं झालं. हा मास्तर आला तवापासून तांड्यावर सावट हाय. देवीले बकरं देऊ, मास्तर बदलून मागू, अन् शाळा हाय तिथंच भरवू. काहून लखीराम?"

सगळ्यांनी लखीरामकडं पाहिलं. नायकानं त्याच्यासाठी वाट मोकळी करून ठेवली होती, हे लखीरामला समजत होतं. नुसतं "हो" म्हणायचं. दिवा खरा, हवा चांगली, दोष भुताखेताचा नाहीतर मास्तराचा. त्याचं नाव राहील, बंड्या येत राहतील, रुपीबाईच्या डोळ्याला डोळा देता येईल. आणि उद्या सकाळी तीच शेगडी त्याच कोठारात पेटेल. कोनाड्याखाली दुसऱ्या कोणाची तरी पोरगी बसेल.

"हवा खराब होती," लखीराम म्हणाला.

तो उठून उभा राहिला.

"मले पेवाची हवा कळते, नायक. शेगडीतल्या इस्त्याची नाई कळली. मास्तरनं मले विचारलं, तं म्या सोळा आणे चांगली म्हणलं. तो शहाणा होता, म्या त्याले गप केलं. पोट्टी माह्या बोलण्यानं मेली. मास्तराले बदलू नोका. भिंत फोडा."

रुपीबाई आतल्या दाराशी बसली होती. तिनं पदरात तोंड घातलं.

नायक म्हणाला, "लखीराम, तू दुःखात हाय. घरी जा."

लखीराम घरी गेला आणि सब्बल घेऊन आला. कोठाराच्या उत्तरेच्या भिंतीवर पहिला घाव घातला. हातभर जाडीची भिंत, म्हाताऱ्याचे हात. कोणी आडवं आलं नाही, कोणी मदतीलाही आलं नाही. थोड्या वेळानं गुरुजी आला, सदरा काढून ठेवला आणि दक्षिणेची भिंत धरली. संध्याकाळपर्यंत समोरासमोर दोन भगदाडं पडली आणि कोठारातून वारा आरपार गेला. नायक दुरून पाहत होता. शेवटी त्यानंच गड्याच्या हाती दोन जुन्या चौकटी पाठवून दिल्या. शेगडी अंगणात गेली. पोरांनी पाळीपाळीनं बाहेर येऊन हात शेकायचे, असं ठरलं. गुरुजीची बदली झाली नाही.

पेवाच्या बंड्या मात्र बंद झाल्या. ज्याचा दिवा खोटा ठरला त्याला कोण बोलावणार? लखीरामनं तक्रार केली नाही. पुढच्या हिवाळ्यात त्यानं आपणहून एक काम लावून घेतलं. शाळा भरायच्या आधी जाऊन तो दोन्ही खिडक्या पाहायचा.

कारण खिडक्या बुजायला लागल्या होत्या. पौषातला वारा आत शिरायचा, पोरं कुडकुडायची, आणि कोणीतरी चिंध्यांचे बोळे खिडक्यांत कोंबून जायचं. दोष कोणाला द्यायचा? मेलेलं पोर एक होतं आणि तेही वर्षापूर्वीचं, थंडी मात्र रोजची. लखीराम रोज बोळे काढायचा. कडब्याचे, तरटाचे, जुन्या धोतराचे. आता शेगडी बाहेर आहे, मग बोळ्यांनी काय बिघडतं, असं लोक म्हणायचे. आणि एखाद्या सकाळी त्याला वर्गाच्या कोपऱ्यात विझत आलेले निखारे, राख दिसायची. कोणीतरी गुरुजी येण्याआधी परात भरून इस्तो आणून ठेवायचं, पोरांना ऊब मिळावी म्हणून. लखीराम ती राख बाहेर टाकायचा. कोण आणतं ते त्याला कळत नव्हतं.

एका सकाळी त्यानं उत्तरेच्या खिडकीतला बोळा ओढला आणि तो हातात उलगडला. लहान फेटिया होता, तांबडा, काठाला आरसे टाचलेले. असा घागरा तांड्यात एकच पोरगी घालायची. आरसे रुपीबाईच्या टाक्याचे होते.

तो घरी आला. रुपीबाई चुलीशी भाकरी थापत होती. त्यानं फेटिया तिच्यापुढं ठेवला.

"हे तू कोंबलं?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "हो."

"अन् इस्तो? इस्तोबी तूच नेतं काय?"

"हो."

"रुपी, काहून? आपली पोट्टी त्याच्यानंच गेली ना वं? म्या साऱ्यांपुढं सांगतलं ना?"

रुपीबाईनं पहिल्यांदा वर पाहिलं. वर्षभरात ती या विषयावर एक शब्द बोलली नव्हती.

"तुह्यावर माहा भरोसा नाई राह्यला," ती म्हणाली. "तू आधी म्हणलं हवा चांगली. मंग म्हणलं हवा खराब. मले तं दोन्ही दिसली नाई. मले थंडी दिसते. ती पोट्टी रोज माह्या सपनात येते, अन् म्हणते, दादी, अंगणात कायले टाकलं मले, हिव लागते. तूच टाकलं ना तिले वाऱ्यात?"

लखीराम तिथंच भुईवर बसला. रुपीबाईनं भाकरी उलटली, फेटिया उचलून झटकला, घडी घालून मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत पोचला तेव्हा उत्तरेच्या खिडकीत तो फेटिया पुन्हा होता, आणि दाराच्या फटीतून ऊब येत होती. आत पोरं आधीच येऊन बसली होती.